शाळेतील छळ आणि बघे

लेखाचे नाव वाचून हा पदार्थविज्ञानाचा मास्तर भलत्याच वर्गात शिरला की काय, असे तुम्हांला वाटेल. म्हणून सुरुवात आपल्या ओळखीच्या वाटेनेच करू.

एक मीटरपेक्षा थोडा लांब दोरा घ्या. त्याच्या टोकाला सुपारीएवढा खडा बांधा आणि दोरा खिडकीच्या गजाला अशा बेताने टांगा की, गजापासून खड्याच्या मध्यापर्यंत एक मीटर अंतर राहील. या दोलकाला एकदा जाऊन परत यायला सुमारे दोन सेकंद लागतात. यालाच त्याचा आवर्तकाल म्हणतात. खडा अगदी स्थिर होऊ द्या. आता कागदाची पुंगळी करा आणि तिच्यातून खड्यावर एक हलकी फुंकर मारा. खडा जेमतेम हलेल. दोन सेकंदांनी दुसरी फुंकर, पुन्हा दोन सेकंदांनी तिसरी. खडा तुमच्यापासून दूर जाऊ लागला की मारायची, एवढे मात्र सांभाळा. वीस-पंचवीस फुंकरींनंतर खडा चांगला झोके घेऊ लागलेला दिसेल.

फुंकर पहिल्यापासून शेवटपर्यंत तेवढीच होती. वाढला तो झोका. वस्तूच्या स्वतःच्या लयीत, एकाच दिशेने, पुन्हा पुन्हा दिलेला छोटा धक्का साठत जातो. याला अनुस्पंदन म्हणतात. त्याच पंचवीस फुंकरी वाटेल तेव्हा मारून पाहा. खडा थोडासा डुलेल, पण झोका काही वाढणार नाही. आता तिसरी गोष्ट करा. खड्याचे टोक बुडेल अशा बेताने खाली पाण्याची वाटी ठेवा आणि पुन्हा लयीत फुंकरी मारा. या वेळी पाणी प्रत्येक फुंकरीचा जोर खाऊन टाकते आणि काही साठत नाही.

कनिष्ठ महाविद्यालयाच्या वर्गात मी हा प्रयोग दरवर्षी दाखवतो. आणि दरवर्षी मला एक मुलगा आठवतो.

गोष्ट १९९४ सालची. मी नववीत होतो. आमचा दिंडोरी तालुका पूर्वेकडे द्राक्षांचा आणि कांद्याचा. पश्चिमेकडे, पेठ-सुरगाण्याच्या अंगाला, डोंगर आणि आदिवासी पाडे. आमच्या वर्गात त्या बाजूच्या एका पाड्यावरून आलेला मुलगा होता. वसतिगृहात राहायचा. गणितात माझ्याहून सरस. त्याची घरची बोली कोकणी. समुद्रकाठची कोकणी नव्हे, आपल्या डोंगरातल्या कोकणा लोकांची. मराठीचा धडा मोठ्याने वाचताना त्याचे हेल निराळे पडत. एक दिवस तो वाचून खाली बसला आणि मागच्या बाकावरच्या एकाने त्याच्या हेलाची हुबेहूब नक्कल केली. वर्ग हसला. सरही थोडे हसले. त्या एका दिवसापुरते पाहिले तर त्यात फार वाईट असे काही नव्हते.

पण मराठीचा तास रोज असायचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा नक्कल झाली, तिसऱ्या दिवशीही झाली. महिन्याभरात नक्कल करणाऱ्याची गरजच उरली नाही. त्याचे नाव पुकारले की तोंड उघडण्याआधीच वर्गात हसू फुटायचे. मग तो पुस्तक विसरू लागला. पुस्तक विसरणाऱ्याला छडी मिळायची. छडी खाऊन तो खाली बसायचा, आणि पुस्तक त्याच्या दप्तरात आहे हे आम्हां सर्वांना दिसत असायचे. दिवाळीची सुट्टी संपली, पण तो काही परत आला नाही. घरी कामाला लागला असेल, असे आम्ही म्हणालो. वसतिगृहात जाऊन कोणी विचारलेही नाही.

पंधराएक वर्षांनी तो मला वणीच्या बाजारात भेटला. मी प्राध्यापक झालो होतो. त्यानेच मला ओळखले. आम्ही चहा घेतला. नक्कल करणाऱ्याचे नाव त्याच्या लक्षात होते, पण त्याच्याविषयी तो फारसे काही बोलला नाही. म्हणाला, “तू तिसऱ्या बाकावर, भिंतीकडेला बसायचास. वाचता वाचता मी बघायचो, तू हसतोस का ते.” संध्याकाळी आम्ही दोघे वसतिगृहाच्या ओट्यावर गणिते सोडवायचो, म्हणून तो माझ्याकडे बघत असे. आणि मी हसत असे.

तेव्हापासून या विषयावर जे हाती लागेल ते मी वाचत आलो. त्यातले जे पक्के वाटले तेवढे तुमच्यापुढे ठेवतो.

खोडी कोणती आणि छळ कोणता?

खोडी, थट्टा, चेष्टा, टिंगल, टवाळी असे किती शब्द आपल्या मराठीत आहेत! यांतले सगळे काही वाईट नव्हेत. मधल्या सुट्टीत मित्राचा डबा लपवला आणि शेवटी दोघांनी मिळून खाल्ला, तर ती खोडी. मग छळ कधी सुरू होतो? नॉर्वेत काम केलेले मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्व्हेउस यांनी १९७० च्या दशकात या प्रश्नाचा शास्त्रीय अभ्यास सुरू केला. त्यांनी तीन खुणा सांगितल्या. दुखावण्याचा हेतू असतो. प्रकार पुन्हा पुन्हा घडतो. आणि दोन्ही बाजूंचे बळ सारखे नसते, त्यामुळे सोसणाऱ्याला स्वतःचा बचाव करता येत नाही. दोन तुल्यबळ मुलांची मारामारी ही मारामारी आहे, छळ नव्हे. उलट, अंगाला बोटही न लावता छळ करता येतो.

यातली तिसरी खूण नीट समजून घ्या. बळ म्हणजे दंडातले बळ एवढेच नव्हे. संख्येचे बळ असते, पैशाचे असते, भाषेचे असते, आणि आपल्याकडे जातीचे असते. साताऱ्याच्या शाळेतला एक विद्यार्थी घरून गोणपाट घेऊन येई, वर्गात सगळ्यांपासून वेगळा त्यावर बसे आणि संध्याकाळी ते परत घेऊन जाई. तहान लागली तरी नळाला हात लावायची त्याला मुभा नव्हती. शिपायाने नळ सोडला तरच पाणी. शिपाई नसला की पाणी नाही. हा विद्यार्थी म्हणजे भीमराव, पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. साताऱ्याच्या शाळेत त्यांनी नाव घातले तो दिवस ७ नोव्हेंबर १९००. महाराष्ट्रात तो आता विद्यार्थी दिन म्हणून पाळला जातो. त्या नळाची हकीकत त्यांनी स्वतःच लिहून ठेवली आहे. त्या वर्गातला प्रत्येक मुलगा दुष्ट होता का? नसणार. छळाचा नियमच झाला होता, आणि नियम झाला की बाकीच्यांना काही करावे लागत नाही; नुसते बसून राहिले की पुरते.

आज तसे गोणपाट कोणी आणत नाही. पण भर वर्गात शिष्यवृत्तीची यादी जातीच्या नावानिशी मोठ्याने वाचली गेली, तर मधल्या सुट्टीत चिडवायला आयते नाव मिळते. शिक्षक बंधुभगिनींनो, ही यादी कार्यालयात एकेकाला बोलावून सांगता येते. दहा मिनिटे जास्त लागतील.

हा प्रश्न काही आपल्याच तालुक्याचा नाही. युनेस्कोने २०१९ साली अनेक देशांतल्या पाहण्या एकत्र करून मांडल्या, तेव्हा दर तीन विद्यार्थ्यांमागे जवळजवळ एकाने गेल्या महिनाभरात सोबत्यांकडून एकदा तरी त्रास झाल्याचे सांगितले होते.

छळाचा एक प्रकार डोळ्यांना दिसतच नाही. तो म्हणजे वाळीत टाकणे. डब्याला बोलवायचे नाही, खेळात घ्यायचे नाही, व्हॉट्सअॅपचा नवा गट करून एकालाच बाहेर ठेवायचे. अमेरिकेत २००३ साली संशोधकांनी काही जणांना संगणकावर चेंडू झेलण्याचा साधा खेळ खेळायला दिला आणि त्याच वेळी यंत्राने त्यांच्या मेंदूचे चित्रण केले. थोड्या वेळाने खेळातल्या बाकीच्या दोघांनी त्यांच्याकडे चेंडू टाकायचे बंद केले. तेव्हा शरीराच्या वेदनेचा त्रास जाणवताना मेंदूचा जो भाग कार्य करतो, तोच यातही अधिक कार्य करताना आढळला. या निष्कर्षाचा नेमका अर्थ काय लावायचा यावर शास्त्रज्ञांत अजून वाद आहे. पण “नुसते बोलत नव्हतो, त्यात काय एवढे?” असे म्हणणाऱ्याने तो प्रयोग लक्षात ठेवावा.

सारे चूक म्हणत असताना

आता बघ्यांकडे वळू. कारण छळ बहुधा एकांतात होत नाही. कॅनडातील टोरांटो येथे संशोधकांनी शाळेच्या मैदानावर दुरून कॅमेरे लावले आणि मुलांच्या अंगावर बिनतारी ध्वनिग्राहक दिले. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा ३०६ घटना तपासल्या होत्या. त्यांपैकी ८८ टक्के घटनांत इतर मुले हजर होती. मध्ये पडली ती फक्त १९ टक्के घटनांत. पण खरी लक्ष देण्याजोगी गोष्ट यापुढची. कोणी मध्ये पडले, तेव्हा निम्म्याहून अधिक वेळा, म्हणजे ५७ टक्के वेळा, तो प्रकार दहा सेकंदांच्या आत थांबला. दहा सेकंद म्हणजे आपल्या त्या दोलकाचे पाच झोके.

मग इतर मुले मध्ये का पडत नाहीत? ती भित्री असतात म्हणून? याचे उत्तर मला अमेरिकेतील सॉलोमन अॅश यांच्या १९५० च्या दशकातील प्रयोगात सापडले. प्रयोग इतका सोपा आहे की तो भौतिकीच्या माणसालाही आवडावा. एका खोलीत काही तरुण बसवले. त्यांना एक रेघ दाखवली, आणि शेजारी दुसऱ्या तीन रेघा. तिघींपैकी पहिलीएवढी लांब कोणती, ते एकेकाने मोठ्याने सांगायचे. उत्तर नुसत्या डोळ्यांनी दिसावे असे होते. एकट्याला विचारले तर शंभरात एकही चूक होत नसे. गंमत अशी की, खोलीतल्या एकाखेरीज बाकीचे सगळे संशोधकांना सामील होते. ठरल्याप्रमाणे ते मधूनमधून धडधडीत चुकीचे उत्तर देत. आणि बिचारा एकटा खरा उमेदवार? अशा वेळच्या सुमारे ३७ टक्के उत्तरांत तोही त्यांच्यासारखेच चुकला!

नंतर अॅश यांनी एक छोटा बदल केला. सामील मंडळींपैकी एकाला खरे उत्तर द्यायला सांगितले. फक्त एकाला. तेवढ्याने उमेदवाराच्या चुका एक चतुर्थांशावर आल्या. आणि हा सोबती प्रयोगाच्या मध्यातच उठून गेला की चुका पुन्हा वाढत.

रेघ मोजणे निराळे आणि भर वर्गात मित्राच्या बाजूने उभे राहणे निराळे, हे मला मान्य आहे. रेघ मोजणाऱ्याला मधल्या सुट्टीत कोणी गाठणार नसते. पण नववीतल्या त्या वर्गाचा विचार करतो तेव्हा वाटते, साठ मुलांपैकी कितीतरी जणांना ते हसणे आवडत नसेल. प्रत्येक जण दुसऱ्याकडे बघत होता, आणि दुसरा हसत होता. आपण एकटेच निराळे आहोत असे प्रत्येकाला वाटत असणार.

फिनलंडमधील क्रिस्टिना सालमिव्हाली यांनी १९९६ साली दाखवून दिले की बघे सगळे एकाच जातीचे नसतात. कोणी छळणाऱ्याचा साथीदार होतो, कोणी हसून किंवा भोवती जमून त्याला चेव आणतो, कोणी मान फिरवून बाजूला होतो, आणि थोडे जण सोसणाऱ्याची बाजू घेतात. मी दुसऱ्या प्रकारातला होतो. या संशोधनावरून फिनलंडने बघ्यांनाच शिकवणारा कार्यक्रम तयार केला आणि २००९ पासून तो देशभर राबवला. दोलकाच्या भाषेत सांगायचे तर फुंकर मारणाऱ्याच्या मागे न लागता खाली वाटी ठेवायची. आता माणूस म्हणजे काही दोरीला बांधलेला खडा नव्हे, तेव्हा ही उपमा फार ताणू नका. परंतु छळणाऱ्याला जे हवे असते ते बहुधा सोसणाऱ्याकडून मिळतच नाही. ते बघ्यांकडून मिळते.

मग करायचे काय?

मध्ये पडायचे म्हणजे हाणामारी करायची, असे समजू नका. हसू आले तरी हसू नका, हे पहिले. मोबाइलवर कोणाच्या फजितीचे चित्र आले तर ते पुढे पाठवू नका. तिथे पुढे पाठवणे हेच हसणे. धीर असेल तर त्या मुलाजवळ जाऊन म्हणा, “चल, तुला सरांनी बोलावलंय,” आणि त्याला घेऊन निघा. एवढाही धीर नसेल तर नंतर त्याच्या बाकावर जाऊन बसा. नंतर बसलेलेही त्याला कळते. जोडीने गेलात तर अधिक सोपे. अॅश यांचा प्रयोग आठवा.

मोठ्यांना सांगणे ही चहाडी नव्हे का? हा प्रश्न मला प्रत्येक शाळेत विचारला जातो. आपण सांगतो ते कोणाला अडकवण्यासाठी की कोणाला सोडवण्यासाठी, हे स्वतःला विचारा. उत्तर तुमचे तुम्हांलाच मिळेल.

ज्याला सोसावे लागते आहे, त्याला मी एवढेच सांगेन की यात तुझी चूक नाही, आणि हे एकट्याने निभावायचे काम नव्हे. काय घडले, केव्हा, कुठे, कोण हजर होते, हे तारखेनिशी वहीत लिहून ठेव. “मला त्रास देतात” असे म्हटले की मोठी माणसे “दुर्लक्ष कर” म्हणून मोकळी होतात; पाच तारखा लिहिलेले पान समोर ठेवले की तसे म्हणता येत नाही. एकाने ऐकले नाही तर दुसऱ्याला सांग: आई, मावशी, वसतिगृहाचे अधीक्षक, शाळेतले कोणीही. मुलांसाठी असलेला १०९८ हा दूरध्वनी क्रमांक विनामूल्य आहे. मन फार खचले, जगणे नकोसे वाटू लागले, तर १४४१६ या शासकीय क्रमांकावर मराठीतूनही बोलता येते. त्या वेळी रात्र असली तरी थांबू नये.

आणि वाचकांमध्ये छळणारा कोणी असेल तर? असणारच. तो काही राक्षस नसतो. आमच्या वर्गातला नक्कल करणारा उत्तम नकलाकार होता; स्नेहसंमेलनात कोणी त्याला रंगमंचावर उभे केले असते तर बरे झाले असते.

शिक्षकांसाठी थोडे

ओल्व्हेउस यांच्या नॉर्वेत १९८२ च्या अखेरीस तीन मुलांनी जीव गमावला. त्यामागे सोबत्यांचा छळ असावा असे दिसले आणि देश हादरला. १९८३ साली तेथे देशभर मोहीम सुरू झाली. बर्गन शहरातील सुमारे २,५०० विद्यार्थ्यांवर अडीच वर्षे लक्ष ठेवले, तेव्हा छळाचे प्रमाण निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली आले होते. उपाय साधेच होते. सुट्टीत शिक्षकांची नजर, वर्गाने मिळून ठरवलेले दोन-तीन नियम, आठवड्याला वर्गाची बैठक, संबंधित मुलांशी व त्यांच्या पालकांशी स्पष्ट बोलणे. इतर देशांत असे प्रयत्न झाले तेव्हा सरासरी घट यापेक्षा बरीच कमी, वीस टक्क्यांच्या आसपास पडली. कार्यक्रम कागदावरून उचलून आणला की त्याचे असे होते.

दोघांना समोरासमोर उभे करून “मिळवा हात” म्हणणे ही आपली आवडती पद्धत. भांडण असेल तर ती ठीक आहे. छळ असेल तर ती घातक, कारण बळ सारखे नाही. त्या दोघांशी निरनिराळे बोलावे, आणि सोसणाऱ्याशी आधी. छडीचे तर नावच नको. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना बंदी घातली आहे. महाराष्ट्राने १९९९ साली केलेल्या रॅगिंगविरोधी कायद्यात तर चिडवणे, शिव्या देणे, धमकावणे हेही गुन्ह्यात धरले आहे. शैक्षणिक संस्थेच्या व्याख्येत वसतिगृहही येते. तक्रार आल्यावर संस्थाप्रमुखाने सात दिवसांत चौकशी करायची, आणि टाळाटाळ केली तर तोही गुन्ह्याला साहाय्य करणारा ठरतो. कायदा शेवटचा उपाय हे खरे, पण तो आहे हे प्रत्येक मुख्याध्यापकाला ठाऊक असावे.

शेवटी एक प्रयोग. शाळेचा साधा नकाशा काढावा: वर्ग, मैदान, पाण्याची टाकी, स्वच्छतागृह, सायकली ठेवण्याची जागा, रस्ता. त्याच्या प्रती प्रत्येकाला द्याव्यात. नाव न लिहिता, जिथे भीती वाटते तिथे फुली मारायची आणि कागद घडी करून टोपलीत टाकायचा. आमच्या भागातल्या एका शाळेत शिक्षकांबरोबर मी हा प्रयोग केला. त्यांना वाटत होते, फुल्या स्वच्छतागृहामागे पडतील. काही तिथे पडल्या, पण सर्वांत दाट पडल्या त्या शाळेच्या फाटकाबाहेर, एसटीच्या थांब्यावर. पाड्यांवरची मुले तिथे संध्याकाळी पाऊण तास गाडीची वाट पाहत उभी असत, आणि तो पाऊण तास कोणाच्याच वेळापत्रकात नव्हता. पुढच्या आठवड्यापासून दोन शिक्षक शाळा सुटल्यावरचा चहा शिक्षकदालनात न घेता थांब्याजवळच्या टपरीवर घेऊ लागले. अजून घेतात. चहा तिथला काही विशेष चांगला नाही, असे त्यांचे म्हणणे आहे.